मायची माळ्यावरची खोली

दुष्काळाच्या साली आमचा माळा पहिल्यांदा रिकामा झाला. बोरीतलं आमचं मातीचं घर, आणि माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली, लाकडी फळ्यांचा तो माळा. वर्षाची ज्वारी तिथं राहायची. त्या साली ज्वारीच नव्हती. बैलं विकून टाकल्यानं गोठाही रिकामा होता, आणि त्या गोठ्यात माझी माय राहत होती.

तिला क्षय झाला होता. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं, लेकरांपासून लांब ठेवा, मोकळ्या हवेची वेगळी खोली द्या. खोली कुठली द्यायची, कपाळ! दोन खणांच्या घरात आम्ही भावंडं, आबा आणि विधवा आत्या कसेबसे मावत होतो. म्हणून मायची बाज गोठ्यात गेली. आत्या लांबूनच तिच्यापुढं भाकर सरकवायची. मला आत्याचा असा संताप यायचा की मी मुद्दाम जाऊन बाजेला टेकायची. मग मायच मला हाकलून द्यायची, आणि तिच्याशीही माझं भांडण व्हायचं.

आबांनी माळ्याचीच खोली करायचं ठरवलं. माय घरात परत येणार म्हणून मी गावभर सांगत सुटले. आबांचं ठरवणं म्हणजे मोठा थाट. ओसरीवर बसून त्यांनी सगळं वेळापत्रक सांगितलं, तेही गोठ्यात मायला ऐकू जाईल अशा आवाजात. होळीपर्यंत लाकूड जमवायचं. पाडवा झाला की माळवद उघडायचं, भिंती उंच करून उगवतीला खिडकी काढायची. आखितीला वर नवे दांडे टाकायचे, आणि मृग लागायच्या आत पांढरी माती पसरून मोकळं व्हायचं. माय पडल्या पडल्या हसली. तिला ते सगळं खरं वाटलं होतं, मलाही.

होळीला अख्खं गाव खडी फोडायला गेलेलं, आबाही त्यातच. दुष्काळी कामावर गेलं तरच घरी चूल पेटायची, मग लाकडामागं कोण फिरणार? पाडवा तसाच गेला. आखितीनंतर सुतार आला. त्यानं माळ्यावर चढून तुळया ठोकून बघितल्या आणि उतरल्यावर सांगितलं की दीडेक महिना तरी लागेल. मृग तर तोंडावर आलेला.

आमच्याकडं मृगाच्या तोंडावर उघडं माळवद कुणी ठेवत नाही. उघड्या मातीच्या भिंतीवर एक मोठा पाऊस पडला की घर बसतं. पण पाऊस होता कुठं? आभाळात ढग नाही, विहिरीत पाणी नाही, आणि ही माणसं पावसाला भ्यायलेली! मी आबांना तसं तोंडावर म्हणाले. ते रागावले नाहीत. “मृग हाय तो, बाई,” एवढंच म्हणाले. खोली दसऱ्यानंतरवर गेली.

त्या साली पाऊस पडला, लय पडला. लोक एकमेकांना थांबवून पावसाच्या गोष्टी सांगायचे, आणि मला त्यांचं हसणं बघवायचं नाही. गोठ्याच्या कुडातून ओल आत आली, मायचा खोकला वाढला. पोळ्याआधी आबांनी बैलजोडी आणली आणि मायच्या शेजारी बांधली. दुसरी जागाच नव्हती. तिला त्यांची सोबत होते, असं ती म्हणायची. मला ते ऐकून रडू यायचं.

दसरा झाला आणि हायब्रीड ज्वारी घरी आली. किती वर्षांनी एवढी पोती अंगणात पडली होती! वर आभाळ भरून आलं होतं. आबा ओसरीवर डोकं धरून बसले. माळ्याचं नाव कुणी काढेना. शेवटी माय गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली.

“आवो, पोती वर चढवा. भिजली तर लेकरं काय खातील?”

“आन् तुझी खोली?” आबांनी विचारलं.

“फुडच्या साली बगू की.”

सांजेपर्यंत माळा भरला. पोती कशी लावायची ते माय दारातूनच सांगत होती, मधेच खोकत होती. हिवाळाभर आम्ही ती ज्वारी खाल्ली. मायनंही खाल्ली, गोठ्यात, वेगळ्या ताटलीत.

पौषात माय गेली. आत्यानं ओसरी सारवली, आणि आबांनी चुलत्याच्या मदतीनं तिला गोठ्यातून घरात आणलं. लेकरं लांब करा, असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही. आत्यानंच मला दंडाला धरून तिच्या उशाशी बसवलं, आणि वर्षभरानं मी मायच्या तोंडावरून हात फिरवला.