पाव्हण्यांची ज्वारी

नाव झालं की पैसा मागोमाग येतो, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

माझी आई आदिलाबादजवळ, तलमडुगुच्या बाजूला एका खेड्यात एकटी राहायची. पोळपाट नाही, परात नाही. नुसत्या दोन तळहातांवर थापून ती ताटाएवढी ज्वारीची भाकरी करी. हैदराबादकडून आलेल्या एका माणसाने तिचा व्हिडिओ काढला आणि तो लाखो लोकांनी पाहिला. मी बोथच्या शाळेत शिकवते. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, "मॅडम, आता तुमची चांदी!" मीही खुळ्यासारखी फुगले आणि दिसेल त्याला व्हिडिओ पाठवत सुटले.

चांदी झाली ती व्हिडिओवाल्याची. त्याने कार घेतली म्हणे. आईकडे मात्र माणसं यायला लागली, गाड्या भरभरून. "अम्मा, जोन्न रोट्टे," असं तेलुगूत ज्वारीची भाकरी मागत दारात उभी राहत, फोटो काढत, पोटभर जेवत. कोणी पन्नासची नोट पुढे केली की आईला रागच यायचा.

"भाकरीचे पैसे काऊन घिऊ? मी खानावळ टाकली का?"

उलट निघताना त्यांच्याच लेकरांच्या हातावर ती दहा-दहा रुपये ठेवी. घरी आलेलं पोर रिकाम्या हाती कसं पाठवायचं! मी तिच्यावर चिडायचे. पण एका रविवारी मीच अख्खी स्टाफरूम घेऊन गेले, नऊ जण. तिच्या शेजारी बसून फोटो काढताना माझी मान काय ताठ होती! आठवलं की आजही लाज वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत गेले तेव्हा तिने मला गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. तूही बस म्हटलं, तर म्हणाली, "माह्यं झालं जेवण." सकाळी दळायला ज्वारी काढावी म्हणून मी कणगीत हात घातला. वर्षाचं धान्य असायचं तिच्यात. हात थेट बुडाला टेकला. चुलीमागच्या पातेल्यात रेशनच्या तांदळाचा भात होता. भाताने पोट भरतं, जीव भरत नाही, असं जन्मभर म्हणणारी माझी आई भात खात होती.

"कवापासून?"

"पोळ्यापासून."

"मंग मले काल भाकरी काऊन वाढली? मीबी भात खाल्ला असता."

"ठेवलं व्हतं थोडं पीठ," ती म्हणाली. "तू दोन दिसांची पाव्हणी."

मला तिथेच रडू फुटलं. त्याच दिवशी आदिलाबादहून दोन पोती ज्वारी आणून मी कणगी भरली. तोवर लोकांना दुसरी कोणी अम्मा सापडली होती. गाड्या यायच्या थांबल्या. आई संक्रांतीआधीच तापाने गेली. कणगीतली ज्वारी तिला पुरून उरली.

ती मी अजून दळलेली नाही.