सुरी हातात असताना

जुळ्या मुली झाल्या की आमच्या आत-बाशी या डोंगरी गावात नावांचा घोळ नसतो: एक बातमा, दुसरी झूरा. आझारबाईंना जुळ्या झाल्या आणि चाळिसाव्या दिवशी त्यांनी झूराला निपुत्रिक धाकट्या दिराच्या ओटीत घातलं. त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. आमच्याकडे मुलं अशी देतात.

आझारबाई दाबलेल्या लोकरीचे जाड नमदे कापण्यात पटाईत. लाल नमद्यावर काळा ठेवायचा, खडूनं मेंढ्याची शिंगं काढायची आणि दोन्ही थर एकाच सुरीनं कापायचे. मग लाल शिंगं काळ्यात बसतात, काळी लालमध्ये, आणि एका कापण्यात दोन शिर्दाक, म्हणजे नक्षीचे गालिचे, होतात. हात चुकला तर दोन्ही वाया. आझारबाई कापायला बसल्या की घराला आग लागली तरी त्यांना कळलं नसतं.

झूरा तशीच. पण वाढली ती दत्तक आई कालीपाबाईंच्या घरात, जिथं माणूस जरा गप्प बसलं की हाक पडायचीच, "झूरा, चहा!"

मी तिची जाऊ. आम्ही एकाच घरात सुना म्हणून आलो. एकदा सासऱ्यांचे पाहुणे दारात उभे राहिले आणि ही नमद्यावर वाकलेली, उठलीच नाही! सून हाकेला उठत नाही म्हणजे गावाला महिनाभराचं खाद्य. "दिलेली पोर, वळण कुठलं?" असं बायका म्हणाल्या. सासूबाईंनी तिला फैलावर घेतलं.

झूरा म्हणाली, "चहा मी आधीच थर्मासात भरून ठेवीन, सासूबाई. पण सुरी हातात असताना मला हाक मारायची नाही."

माझ्या हातातली रोटी खाली पडायची राहिली. तेव्हा मी तिला उद्धट म्हटलं. खरं तर मी जळत होते. आज बत्तीस वर्षं झाली, मी हाकेसरशी उठतेय, आणि माझं एकही शिर्दाक पुरं झालेलं नाही.

या वसंतात आझारबाई गेल्या. नातीच्या लग्नासाठी खडूनं आखलेले नमदे मागे राहिले. बातमा जन्मभर आईच्या मांडीला मांडी लावून बसलेली, शिवणकाम सुरेख, पण चित्त थाऱ्यावर नाही. दर दहा मिनिटांनी कोंबड्या बघायला उठते. ती म्हणाली, "मी नाही बाई कापणार. झूराला द्या."

कालीपाबाई कडाडल्या, "नको! बिघडलं तर माझ्या वळणाला नावं ठेवाल, आणि जमलं तर म्हणाल, रक्त आझारचं."

"मग यात मी कुठं आहे, आई?" झूरानं विचारलं, आणि सुरीला धार लावायला घेतली.

ती बसली. आम्ही सात-आठ बायका भोवती बसून बघत होतो. आझारबाईंच्या हातची शेवटची रेघ होती ती, पुन्हा आखायला कुणी नव्हतं. पहिलं शिंग सुटलं, दुसरं सुटलं. चहा झाला तशी कालीपाबाईंनी सवयीनं हाक मारली. मग पुन्हा मारली. तिसऱ्यांदा तर ओरडल्याच. झूराची मान हलली नाही. सावली भिंतीवर चढेपर्यंत ती कापत राहिली. मग तिनं दोन्ही थर अलग केले. कुठं एक रेघ हुकली नव्हती.

"शेवटी रक्तच बोललं!" एक म्हातारी म्हणाली.

"रक्त बातमाचंही तेच आहे, आजी," झूरा म्हणाली. "ती कोंबड्या राखते." बातमाच आधी हसली. झूरा हसली नाही. "मोठ्या आईनं मला देऊन टाकलं. या आईनं मला हाका मारल्या. हे असं न उठता बसणं मी घेतलंय, तुम्हा सगळ्यांच्या शिव्या खाऊन."

कालीपाबाईंनी गार चहा फेकला आणि ऐंशीव्या वर्षी उठून मुलीसाठी नवा ओतला.

मी घरी आले. थर्मास काठोकाठ भरून चुलीपाशी ठेवला, सुरी शोधली आणि दार आतून लावून घेतलं. बाहेरून नवरा हाका मारत होता. मारू दे.