एका मोज्यात दुसरा मोजा

वालूरला आमच्या घरात मोजे कुणीच घालत नव्हतं. दुकानदार लिंगायताचं घर. चपला बाहेर काढायच्या आणि दिवसभर दुकानातल्या गादीवर अनवाणी बसायचं, ही पुरुषांची रीत. मोजे घालणारी माझ्या माहितीतली माणसं दोनच, शाळेचे मास्तर आणि पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार. त्यामुळे माझी थोरली जाऊ पुरुषाच्या पायाचा मोजा विणायला बसली, तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की हा कुणाच्या पायासाठी?

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष होतं. मी वीस वर्षांची, लग्न होऊन तीन वर्षं झालेली. गावात रझाकार यायचे, लेझीम खेळल्यासारखे बंदुका नाचवायचे आणि जायचे. पण भीती त्यांच्यापेक्षा आपल्याच माणसांची जास्त वाटायची. कुणी काय बोललं ते दुपारपर्यंत ठाण्यावर पोचलेलं असायचं आणि ते कुणी पोचवलं हे कधीच कळायचं नाही. आडावर बायका पाणी शेंदताना बोलायच्या बंद झाल्या होत्या.

थोरले भाऊजी, म्हणजे ह्या जावेचे मालक, संक्रांतीआधी घरातून गेले. माल आणायला हैदराबादला गेले, असं सासूबाईंनी आम्हाला सांगितलं आणि आम्ही सगळ्यांना तेच सांगत होतो. महिना झाला तरी माल आला नाही, भाऊजीही आले नाहीत. ते निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या हद्दीपलीकडच्या कॅम्पात गेले असणार, हे घरात प्रत्येकाला मनातून माहीत होतं. तोंडानं कुणी बोलत नव्हतं. माझ्या मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "तुला काय करायचंय? विचारलं तर हैदराबाद म्हन."

मग एके दिवशी अमीनसाहेब आले. ओसरीवर बसून त्यांनी बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. अक्का, म्हणजे माझी जाऊ, पाणी घेऊन गेली. मी दाराआडून बघत होते. अमीनसाहेब भाऊजींबद्दल विचारत होते आणि अक्का खाली मान घालून उत्तरं देत होती. पण तिची नजर त्यांच्या पायावर होती. ते गेल्यावर चार-पाच दिवसांनी तिनं भाऊजींचा जुना राखाडी स्वेटर उसवायला घेतला.

अक्काचं माहेर पूर्ण्याचं. वडील रेल्वेत. तिथं शेजारच्या एका गार्डाच्या बायकोकडून ती विणायला शिकली होती. वालूरला सुया कुठल्या मिळणार? तिनं सायकलच्या चार तारा आणवल्या, टोकं पाट्यावर घासून गुळगुळीत केली. तीन तारांवर गोलाकार टाके आणि चौथ्या तारेनं विणायचं. इथवर मला समजत होतं. सुलट-उलट टाके तिनंच मला पहिल्या वर्षी शिकवले होते. पण ह्या खेपेला ती लोकरीचे दोन गुंडे घेऊन बसली. एक डावीकडं गडव्यात, एक उजवीकडं परडीत. दोन्ही एकाच रंगाचे. एक टाका ह्या धाग्याचा सुलट, पुढचा त्या धाग्याचा उलट. आणि तारांवर दिसायचा मोजा मात्र एकच.

"अक्का, दोन धागे कशाला?" मी विचारलं.

तिनं तारा मांडीवर ठेवल्या. मग म्हणाली, "ह्यात दोन मोजे हायेत. एक वरचा, एक त्याच्या आत. दोन्ही संगंच वाढायलेत. शेवटाला आतला धरून वढला की सुटून बाहेर येतो."

मला ते खरंच वाटेना. तिनं मोज्याच्या तोंडात दोन बोटं घालून दाखवलं. खरंच, दोन पदर होते, कुठेही न चिकटलेले.

"पन लय ध्यान द्यावं लागतं. एक जरी धागा इकडचा तिकडं झाला तर दोघं एकमेकाला शिवले जातेत. आन ते वढल्याबिगर कळत न्हाई."

"कुनासाठी?"

"मामंजीसाठी. लकव्याचा पाय बर्फावानी गार पडतो न्हवं का. एक घालायला, एक धुवायला."

सासऱ्यांचा उजवा पाय लकव्यानं गेला होता, ही गोष्ट खरी. पण त्यांचा पाय लहान, बाईच्या पायाएवढा. मोजा वाढत वाढत त्याच्या पुढं गेला तरी अक्का थांबली नाही. ती मधूनमधून मोजा जमिनीवर ठेवायची आणि एक वीत, वर चार बोटं असं मापायची. मी एकदा तिची पाठ असताना तेच माप सासऱ्यांच्या पायाला लावून पाहिलं. तीन बोटं उरली. त्या क्षणापासून माझं मन अक्काकडं सरळ बघेनासं झालं.

भाऊजींचं नाव मनात आलं नाही असं नाही. पण ते गेले ते साध्या वहाणा घालून, खेड्यातल्या माणसासारखे. त्यांना मोजे कशाला? आणि पोचवणार कोण? उलट दुसरी गोष्ट जुळायला लागली होती. आमच्या आळीत तीन घरांची झडती झाली, आमची नाही. भाऊजी गायब असलेल्या आमच्याच घराला पोलीस कसे सोडतात? कोणीतरी काहीतरी देत असणार. त्यात आमच्याकडं यायची ती चुडेवाली चाची. ती अमीनसाहेबांच्या बायकोला बांगड्या भरायची आणि तिथून सरळ आमच्याकडं यायची. अक्काचा हात हातात घेऊन बराच वेळ कुजबुजायची. मी जवळ गेले की दोघी बांगड्यांच्या रंगावर बोलायला लागायच्या. चाची मुसलमान होती आणि त्या वर्षी तेवढ्यावरूनही माझ्या मनानं तिच्याविरुद्ध कौल दिला. आज लिहिताना त्याची लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला अमीनसाहेब दुसऱ्यांदा आले. ह्या वेळी दोन जवान बरोबर होते. अक्का ओसरीवरच विणत बसली होती, उठायला वेळ मिळाला नाही. अमीनसाहेबांनी मोजा उचलला, तारा धरून फिरवला.

"ये किस के वास्ते?"

"सासऱ्यासाठी," अक्का म्हणाली. "त्यांचा एक पाय गार पडतो."

"एकच?"

"एकच, साहेब."

अमीनसाहेबांनी आत जाऊन सासऱ्यांचा पाय पाहिला. परत आले, मोजा स्वतःच्या बुटाशेजारी धरला आणि हसले. "हमारे को भी बना देना, बाई. सरकारी मोजे दो महिने नहीं टिकते." जवानही हसले. अक्का हसली नाही, पण मान हलवली. ते तसेच निघून गेले. झडती नाही, काही नाही.

सासूबाईंनी देवघरापुढं हात जोडले. मी मात्र दाराशी उभी राहून विचार करत होते. बुटाशेजारी मोजा बरोबर बसला होता, सूतभरही कमी-जास्त नाही. आणि अक्कानं एकच मोजा म्हणून खोटं सांगितलं ते किती सहज! मला वाटलं, हे सगळं दोघांनी आमच्यासमोर नाटक केलं. मोजे त्याचेच. त्याच्या बदल्यात झडती नाही. आणि मोज्यांबरोबर आणखी काय जात असेल? भाऊजी कुठं आहेत, गावातून कोण कोण गेलंय? आमच्या माणसांची नावं ही बाई देत असली तर?

हे मी कुणाला बोलले नाही. मालकांनाही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सासऱ्यांनी हाक मारली म्हणून अक्का आत गेली. विणकाम पाटावर पडलं होतं. मी बसले. तारा हातात घेतल्या. काय करायचं ते हातांना पक्कं माहीत होतं. बाहेरच्या मोज्याच्या टाक्यात मी आतला धागा घातला, आतल्याच्या टाक्यात बाहेरचा. एकच जागा. मग पुढचे चार-सहा टाके बरोबर विणले आणि सगळं होतं तसं ठेवून भाकरीच्या पिठाला गेले. राखाडीत राखाडी, काही दिसायचा प्रश्नच नव्हता.

मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर ते उघडं पडलं. आठ दिवसांनी भर दुपारी चाची आली. टोपली उतरवायच्या आधीच म्हणाली, "आजच द्या. जेवढं झालं तेवढं. उद्या माणूस निघायलाय."

अक्कानं मला चुलीपाशी पाहिलं, पण आता लपवायला वेळ नव्हता. तिथंच बसून तिनं टाके बंद केले. मोजे पोटरीवर पुरेसे चढले नव्हते, पण दोन्ही एका मापाचे होते. ती चाचीला म्हणाली, "बघा, म्हनूनच दोन्ही संगं विणले. एक झाला आन एक राहिला असता तर एका मोज्याचं काय करायचं होतं?"

मग तिनं आतला मोजा चिमटीत धरला आणि ओढला. तो अर्ध्यापर्यंत आला आणि अडकला. तिनं पुन्हा ओढलं. येईना. चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिनं मोजा उलटा केला, बोटांनी एकेक ओळ चाचपत गेली आणि टाचेपाशी थांबली. तिथं तिला सापडलं. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. बराच वेळ.

"जल्दी करा," चाची म्हणाली. "भाऊंचे पाय फुटलेत. तिकडं जाड बूट मिळालेत, आत घालायला काई न्हाई. काल परत निरोप आलाय मला."

तेव्हा मला कळलं, मोजे भाऊजींसाठीच होते.

अक्कानं कात्री घेतली. एक धागा कापला, दोन्ही मोजे मोकळे झाले. कापलेली टोकं छोटी होती. ती ओढून ओढून तिनं गाठ मारली. ती हरभऱ्याएवढी जाड झाली. चाचीनं मोजे बांगड्यांच्या जुडग्यांमध्ये चिंध्यांबरोबर खुपसले, टोपली डोक्यावर घेतली आणि ठाण्याच्या रस्त्यानंच गेली. त्या टोपलीत हात घालायचं कुणाच्या मनात येत नसे. अमीनसाहेबांच्या घरात जाणारी टोपली ती.

त्यानंतर पाच-सहा महिने अक्का माझ्याशी कामापुरतं बोलली. कुणाला सांगितलं नाही तिनं. मी तिच्या पायाशी बसायचं रोज ठरवायची आणि रोज भाकरी थापून झोपायची. तिच्या गप्प राहण्याचीही मला शंका यायची. ही योग्य वेळ बघते आहे का? भाऊजी आल्यावर सांगणार आहे का? संशयाची सवय लागली होती, ती एवढ्यानं जाते थोडीच.

हिंदुस्थानच्या फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. गावात झेंडा लागला आणि पंधरा दिवसांनी भाऊजी घरी आले. लंगडत आले. डाव्या टाचेला चिघळलेली जखम होती. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "एका मोज्यात गाठ होती. चालून चालून तिनंच कापलं. पन मोजे नसते तर दोन्ही पाय गेले असते."

अक्का तिथंच उभी होती. ती म्हणाली, "माझ्याच हातून चुकलं. घाईत धागा तुटला."

त्या दुपारी मी तिला कोठीत गाठलं. धान्याच्या पोत्यांमध्ये आम्ही दोघीच. मी सगळं सांगितलं. अमीनसाहेबांचा बूट, माप, चाची, सगळं. मी रडत होते. ती रडली नाही.

"मला कळलं होतं त्याच दिवशी," ती म्हणाली. "पन मला वाटलं, तू तुज्या भावाच्या सांगन्यावरून केलंस."

माझा सख्खा भाऊ सेलूला कचेरीत कारकून होता, निजामाच्या नोकरीत.

"त्याच्यामुळं तर मी तुला काई सांगितलं न्हाई. दर सणाला तो यायचा, ओसरीवर बसून ह्यांचं विचारायचा. मला वाटायचं, तू त्याला समदं सांगायलीस. रातध्याड तुझ्यावर डोळा ठेवला मी."

"मी कधीच काही बोलले नाही, अक्का."

"आता कळून काय उपेग?" ती म्हणाली. मग पोत्यावर बसली आणि मलाही शेजारी बसायला जागा केली.

भाऊजींना मीच सांगायचं ठरवलं. थोरल्या दिरासमोर आम्ही पदर ओढून जायचो आणि बोलणं तर नव्हतंच. मी दाराआड उभी राहिले आणि भिंतीकडं बघत बोलले. मला वाटलं ते उठून मालकांना बोलावतील, मला माहेरी धाडतील. ते आत बसलेल्या अक्काला म्हणाले, "तिला सांग, उद्यापासनं पट्टी तिनं बांधायची."

दुसऱ्या दिवशी मी गरम पाणी आणि कडुलिंबाचा पाला घेऊन गेले. पदर नाकापर्यंत ओढलेला होता. जखम खोल होती आणि वास येत होता. त्यांनी पाय मागं घेतला नाही. मी रोज सकाळी लिंगपूजा झाली की पहिलं तेच काम करत राहिले. ज्वारी निसवेपर्यंत, कणसं बाहेर पडेपर्यंत जखम भरली. लंगडणं मात्र थोडं राहिलं. दुकानातून उठताना ते जरा थांबून उजव्या पायावर भार घ्यायचे. मी समोर असले तर दुसरीकडं बघायची, आणि मी नजर वळवली हे त्यांना कळायचं.