बोटभर वाळू

मी फोटो बिघडवते, असं आमच्या शाळेतल्या शिक्षकांचं मत आहे. मी सांगलीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवते आणि सुट्टी लागली की घाट उतरून रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर जाते. बरोबर एक जुना कॅमेरा असतो. बटण दाबलं की फोटो तिथल्या तिथे बाहेर येतो. त्याला निगेटिव्ह नसते, हातात आला तो एकच. घरी आले की त्याची पांढरी चौकट कापायची, मागचा थर सोलायचा आणि उरलेला तुकडा कोमट पाण्यात ठेवायचा. थोड्या वेळानं चित्राचा पातळ पापुद्रा सायीसारखा सुटून येतो. मग मऊ ब्रशनं तो जाड कागदावर घ्यायचा. ओला असेपर्यंत त्याचं काहीही करता येतं. मी लाटा ताणून उंच करते, होड्यांना चुण्या पाडते, क्षितिज वाकवते. "बाई, समुद्रानं तुमचं काय घोडं मारलंय?" असं आमचे पीटीचे सर विचारतात.

आम्ही आटपाडीकडचे. आजोबांपर्यंत मेंढरं, वडिलांपासून शेती, आणि पाण्याची बोंब दोन्ही पिढ्यांना सारखीच. आमच्या घरात एकदा वापरलेलं पाणी ओतून द्यायची रीतच नव्हती. तांदूळ धुतलेलं म्हशीला, हात धुतलेलं परसातल्या शेवग्याला. वडील, म्हणजे आबा, गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. इथं कृष्णा जवळ आहे, नळाला पाणी आहे, पण ते तिच्या हाताला अजून पटलेलं नाही. ओट्यावर वापरलेल्या पाण्याची पातेली मांडलेली असतात आणि संध्याकाळी ती गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत रिकामी होतात. कढीपत्ता माजलाय.

तीन वर्षांपूर्वी, आबा असताना, मी दोघांना समुद्र दाखवायला नेलं होतं. आई साठी उलटलेली, तरी लुगड्याचा काचा खोचून सरळ गुडघाभर पाण्यात गेली. आबा वाळूत उभे राहिले, वहाणांसकट.

"आवं, या की. पाय तर भिजवा," आई म्हणाली.

"प्यायला न्हाई, रानाला न्हाई. मग त्यात येऊन काय करू?"

आईनं तीनदा हाक मारली. आबा हलले नाहीत. मग तिनंही नाद सोडला आणि पाठ करून पाण्याकडे बघत राहिली. मी बाजूनं फोटो घेतला. डावीकडे आबा, उजवीकडे पाण्यात आई, मध्ये फोटोत बोटभर भरेल एवढी कोरडी वाळू. गाडीत बसल्यावर आई घाट चढेपर्यंत बोलली नाही. मला आबांचा राग आला होता, तो मी बोलून दाखवला नाही.

आबांच्या वर्षश्राद्धाच्या आधी तो फोटो कागदावर घेऊन भिंतीला लावायचं मी ठरवलं. दोघांचा एकत्र असा तेवढाच फोटो होता. त्यात एक रेघही हलवायची नाही, हेही ठरवलं. वर्गात मुलांना मी सारखी सांगते की कामाच्या आधी नक्कल काढून ठेवा. स्वतः मोबाईलवर त्याचा साधा फोटोसुद्धा काढला नव्हता.

दुपारी पातेल्यात कोमट पाणी घेतलं. पापुद्रा सुटला. खालचं प्लास्टिक मी काढून घेतलं, तेवढ्यात गॅसची टाकी आली म्हणून दारात गेले. पातेलं ओट्यावरच होतं, तांदळाच्या पाण्याशेजारी. पापुद्रा पाण्यात असला की नुसतं गढूळ पाणी दिसतं. परत आले तर दोन्ही पातेली पालथी होती.

"आई, इथलं पाणी?"

"कढीपत्त्याला घातलं. का गं?"

"त्यात आबांचा फोटो होता. तुमच्या दोघांचा."

मी गॅलरीत धावले. पापुद्रा कढीपत्त्याच्या बुंध्याशी चिखलाला चिकटून गोळा झाला होता. बोट लावलं तर फाटला असता. मला आईचा भयंकर राग आला होता.

आई आतून पिण्याच्या पाण्याचा भरलेला हंडा कमरेवर घेऊन आली. कुंडीशी बसली आणि तांब्यानं, कुंडीच्या कडेकडेनं, हळूहळू पाणी सोडत राहिली. कुंडीच्या बुडाशी बाजूला असलेलं भोक तिनं टाचेनं दाबून धरलं होतं. कुंडी काठोकाठ भरली, पाणी फरशीवर सांडलं, गॅलरीतून खालच्या मजल्यावर गेलं. खालून कोणीतरी ओरडलं. आईनं हात थांबवला नाही. आयुष्यात तिला मी एवढं पाणी सांडताना पाहिलेलं नाही. पापुद्रा सुटून वर आला. तिनं त्याच्याखाली सपाट तळवा घातला आणि पळीपापडी उचलावी तसा अलगद उचलला.

"कागद आण."

मी कागद धरला. तिनं तळवा तिरपा करून चित्र त्यावर सरकवलं. आभाळाचा एक कोपरा गेला होता. आबांच्या वहाणांपाशी मातीचे चार कण अडकले होते. आणि मधोमध एक उभी घडी पडली होती. बोटभर वाळू त्या घडीत गेली होती. आबा आईच्या शेजारी पाण्यात उभे होते.

घडी ओली होती, उलगडली असती. मी ब्रश भिजवला.

आईनं माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आलं शेवटी."

मी ब्रश खाली ठेवला. मग आम्ही दोघी त्या ओल्या फरशीवर बसून रडलो, आणि कागद तसाच वाळू दिला.