मधुकरनं न लिहिलेली पायरी

मधुकर गेल्याचं मला सेलूच्या स्टेशनवर कळलं. हातात चहा होता, परभणीची गाडी यायची होती आणि त्याचाच एक जुना विद्यार्थी समोर येऊन म्हणाला, "सर, आपले मधुकर सर गेले. झोपेतच." मी त्या पोरावरच खेकसलो, "काहीबाही बोलू नको!" आदल्याच आठवड्यात आम्ही कडाकडा भांडलो होतो. भांडण अर्धं टाकून माणूस असा जातो होय? महिना उलटला, तरी माझा राग उतरलेला नाही...

आम्ही परभणीच्या एकाच कॉलेजात. मी इतिहास शिकवायचो, तो मानसशास्त्र. दोघंही पूर्णेकडच्या खेड्यांतले, बौद्ध घरांतले. विद्यापीठाच्या नामांतराची मागणी पेटली त्या दिवसांत त्याला अमेरिकेतल्या काळ्या माणसांविषयीचा एक सिद्धांत सापडला. काळा माणूस स्वतःच्या काळेपणाशी कसा पोचतो, त्याच्या पायऱ्या त्यात सांगितलेल्या. आधी गोऱ्यांचं तेवढं चांगलं वाटतं. मग एखादा अपमान डोळे उघडतो. मग नुसता संताप, आपलं तेच खरं. आणि शेवटी स्वतःविषयी शांत खात्री. आपल्या पोरांना हे लावून बघायचं, त्यावर लेख लिहायचा, असं मधुकरनं मनावर घेतलं ते घेतलंच. मोर्चातून घसा बसवून येणारी पोरं त्याला तिसऱ्या पायरीवर दिसायची. मला तर तो तोंडावर म्हणायचा, "तू त्या पायरीवर बिऱ्हाडच केलंस की रे!"

"अन् तू?"

"मी? चौथ्या."

मी हसायचो. लय शहाणा होता लेकाचा.

मग दंगल झाली. त्याच्या गावची वस्ती जळाली. त्याचे वडील, आप्पा, अंगावरच्या कपड्यांनिशी परभणीला लेकाच्या खोलीवर आले. ती खोली मधुकरनं गावाच्या नावाचं आडनाव सांगून मिळवली होती. खरं सांगितलं असतं तर त्या गल्लीत कोण उभं करणार होतं त्याला? आप्पा दारात उभे, कपड्यांना धुराचा वास. घरमालकीणबाई ओसरीवरूनच म्हणाल्या, "कोण हो सर हे?" मधुकर म्हणाला, "गावाकडचे आहेत. ओळखीचे."

आप्पांनी ऐकलं. पाणी प्याले, तांब्या पालथा घातला आणि म्हणाले, "बरं हाय सर, निघतो मी." तडक पूर्णेला लेकीकडं गेले. पुढं कधी अबोला धरला नाही त्यांनी. सणावाराला भेटायचे, नातवाला खांद्यावर घ्यायचे, पण मधुकरला मरेपर्यंत 'सर'च म्हणत राहिले. मधुकरचं पाया पडून झालं, रडून झालं. "सर, जेवून घ्या," एवढंच.

हे त्यानं मला फार उशिरा सांगितलं. लेखाचं विचारलं की "लिहायलोय, लिहायलोय" म्हणायचा. शेवटच्या भांडणात एकदाचं बोलला. "ह्याला कुठली पायरी लावू? काळ्या माणसाला कातडी काढून ठेवता येत न्हाई. आपल्याला आडनाव काढून ठेवता येतं. मग एक दिवस बाप दारात येतो..."

"तिथंही उजळ रंगाचे काळे गोऱ्यांत लपलेच असतील की," मी म्हणालो. "आणि तुला ठाऊक हाय तर लिही ना तेच! शहरात खोल्या शोधणाऱ्या आपल्या पोरांना दुसरं कोण सांगणार?"

"आप्पांचं नाव घालून कसं लिहू?" एवढं म्हणून तो उठून गेला. लेख राहिला तो राहिलाच. ती पायरी त्याच्याइतकी कुणाला ठाऊक होती? जीव हळहळतो, दुसरं काय.

आप्पांच्या माघारी त्यानं स्वतःचं घर बांधलं, दारावर खरं आडनाव लावलं. गावाकडचा कुणी म्हातारा दवाखान्यासाठी परभणीला आला की मधुकर फाटकापर्यंत धावत जायचा, त्याची पिशवी घ्यायचा आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगायचा, "आमचे वडील आलेत!" शेजारी हसायचे, सरांना वडील तरी किती!

परवा मी मधुकरच्या घरी वहिनींना भेटायला गेलो होतो. दोघंही ओसरीवर बसलो होतो. इतक्यात फाटकाशी धोतरातला एक म्हातारा येऊन उभा राहिला. त्याला काहीच ठाऊक नसावं. आम्ही उठायच्या आत शेजारच्या काकूंनी कुंपणावरून हाक दिली, "वहिनी, दार उघडा... सरांचे वडील आलेत."