काकांचा साडेअकरा फुटांचा आकडा

मी चुकीचं लिहिलं होतं.

गेल्या वर्षी काका गेले, तेव्हा इथेच लिहिलं होतं, "काकांच्या ड्रॉइंगमध्येही चुका सापडल्या. शेवटी माणूसच." तुम्ही खाली हसरे चेहरे टाकलेत.

चुका काकांच्या नव्हत्या. माझ्या होत्या.

काका गोंदियातल्या राइस मिलची ड्रॉइंग काढायचे. १९९९ मध्ये आमच्या मुर्रीच्या घरात कॉम्प्युटर आला. मी तिसरीत होते. कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं, मी कॉलेजच्या कितीतरी आधी त्यांच्याकडूनच शिकले.

मिलमध्ये माप घेताना टेपचं टोक माझ्याकडे असायचं.
"ताणून धर वो पोरी. ढिली टेप खोटं बोलते."

जागेवर माप वेगळं निघालं, तर काका ड्रॉइंगमधली रेघ हलवायचे नाहीत. फक्त तिच्यावरचा आकडा हाताने टाइप करायचे.
"काऊन काका, रेघ तशीच ठेवता?"
"मिस्त्री आकडा वाचते. रेघ नाही मोजत."

हे मी विसरले.

त्यांच्या जुन्या फाइल्स नव्या कॅडमध्ये उघडेनात, म्हणून मी सगळ्या नव्या फॉरमॅटमध्ये आणल्या. आकडे रेघांशी जुळत नव्हते. मी ते सगळे रेघेप्रमाणे करून टाकले. काकांनी टाइप केलेलं एकूण एक माप पुसलं गेलं.

काका तेव्हा अंथरुणावर होते.
"तुमचे आकडे दुरुस्त केले, काका."
"टेप लावून पाहिली का?"
"कॅड चुकत नाही काका."
त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

काल वर्षश्राद्धासाठी त्यांचा फोटो शोधताना एका मिलची जुनी प्रिंट सापडली. मशीनपासून भिंत साडेअकरा फूट.
माझ्या फाइलमध्ये बारा.

माझ्याच फाइलवरून येत्या मंगळवारी तिथे धान वर चढवणाऱ्या एलेव्हेटरचा खड्डा खणणार आहेत. जागा अर्धा फूट कमी निघाली, तर खड्डा भिंतीच्या पायात जाईल.

मिलच्या शेठजींना फोन केला.
"अरे बेटा, तेरे काका का नक्शा है. उसमें क्या देखना?"
"वो काका का नहीं रहा, शेठजी. मेरा है."

मूळ फाइल्स जपून ठेवल्या आहेत. सगळ्या पुन्हा कन्व्हर्ट करीन, या वेळी त्यांचे आकडे न हलवता. मागची पोस्टही पुसत नाही.

काका, आज तुम्हाला नमस्कार करायची लाज वाटते आहे. तरी करते.

टेप तुमचीच घेतली आहे. दुसरं टोक काकू धरणार आहे.

सोमवारी, सकाळी सात वाजता, मिलमध्ये.