पाण्याखालचं ऊन

आमच्या गावात अजूनही म्हणतात की, थोरल्या विहिरीतले मासे रंगारी चाचाच्या रंगाने मेले. ते खोटं आहे. मासे माझ्यामुळे मेले. हे मी फार पूर्वी सांगायला हवं होतं. पण फौजेतून परतलेल्या माणसाला खरं बोलायची घाई नसते.

लढाईच्या काळात आमची तुकडी समुद्रातल्या एका बेटावर होती. सगळे सातारा-सांगलीकडचे, कृष्णेत डुंबून मोठे झालेले गडी. बेटाभोवती पाणी उथळ आणि नितळ, आणि त्याखाली पोवळ्यांची बाग. जांभळी, पिवळी, हरणाच्या शिंगांसारखी फुटलेली पोवळी आणि त्यांतून पळणारे पोपटी मासे. सुट्टी मिळाली की आम्ही तोंड पाण्यात घालून पडून राहायचो.

मग आम्हीच तिथे फळ्यांचा रुंद धक्का बांधला. काही महिन्यांत त्याच्या सावलीतली पोवळी पांढरी पडली, त्यांवर बुळबुळीत थर चढला आणि मासे निघून गेले. चार हातांवरची उन्हातली बाग मात्र तशीच. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोवळं हा जीव आहे. त्याच्या अंगात बारीक वनस्पती राहते, ती उन्हावर अन्न करते आणि त्यातला वाटा पोवळ्याला देते. ऊन तुटलं की दोघंही उपाशी. गाळाने पाणी गढूळ झालं तरी तेच.

गावी आल्यावर गुऱ्हाळावर बसून मी हे रंगवून सांगायचो.

"दगूड ऊन खातोय?" आप्पा, म्हणजे माझे चुलते, विचारायचे. "मग आमच्या बांधावरचा धोंडा लय जाड व्हायला पायजे हुता, मेजर." मी साधा शिपाई होतो, पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच.

"दगूड न्हाई आप्पा, जीव हाय त्यो."

"मग अंगठीत घालून आणायचा हुतास एक. माजा मंगळ कवापासनं बिघडलाय."

पोवळ्यांवर कुणाचा विश्वास बसला नाही. धक्का मात्र सगळ्यांना आवडला.

पुढच्या कडक उन्हाळ्यात विहीर तळाला चालली. आप्पा म्हणाले, "समिंदरात धक्का बांधलास, आता हिरीवर छप्पर बांध की. उनानं पानी उडतंय."

बेटावरची पांढरी पोवळी मला आठवली. विहिरीत आम्ही मासे सोडलेले होते. पाणी स्वच्छ राहावं म्हणून तशी पद्धतच आहे. ते कुणी धरत नाही, बायका त्यांना भाकरीचा चुरा टाकतात. पण सगळी भावकी माझ्याकडे बघत होती. मी बांबू टाकले, वर उसाचं पाचट दाट अंथरलं, मोटेपुरती फट ठेवली. आत कवडसाही जाईना. आप्पांनी नारळ फोडला.

आधी कडेचं शेवाळ काळं पडून कुजलं. मग पाण्याला वास आला. एका सकाळी मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

रंगारी चाचा माधवनगरच्या मागवाल्यांचं सूत रंगवून आमच्या थारोळ्यावर, म्हणजे मोट जिथे रिकामी होते तिथे, धुवायचा. ते पाणी उताराने शेतात जायचं. तरी भावकीने ठरवलं, रंगाने मेले.

चाचा माझ्याकडे वळला. "मेजर, तुमी दुनिया बगून आलाय. पानी चढ चढतंय का कवा? सांगा की यास्नी."

"बगू चाचा. जरा दमानं," मी म्हणालो. एवढंच.

चाचाचं पाणी बंद झालं. नदी लांब, ओल्या सुताचे गठ्ठे वाहून त्याची पाठ गेली. पावसाळ्याआधी तो बिऱ्हाड घेऊन माधवनगरला गिरणीत कामाला गेला.

पुढच्या उन्हाळ्यात चाचा नव्हता, छप्पर होतं. नवे सोडलेले मासेही मेले. आप्पा म्हणाले, "रंग मुरलाय रं जमिनीत." तेव्हा मी वाळवीचं निमित्त करून छप्पर उतरवलं. शेवाळ परत हिरवं झालं, त्यानंतरचे मासे जगले. का जगले, हे कुणी विचारलं नाही.

मी माधवनगरला जाऊन चाचाला सगळं सांगितलं.

"आप्पास्नी सांगितलं?"

"न्हाई."

"मग माज्याकडं कशापायी आलासा? म्या मासं मारलं न्हाईत, ह्ये मला ठावं न्हाई व्हय?" मग चहा पुढे सरकवत म्हणाला, "प्या. आन् छपरं बांधायचीच तर मानसांच्या डोस्क्यावर बांधा, मेजर. माशास्नी कशाला?"

मी हसलो, चहा प्यायलो आणि गावी येऊन गप्प राहिलो. आप्पा गेले, चाचाही गेला.

गेल्या महिन्यात चाचाचा नातू घर बांधायला गावात जागा बघत होता. माझ्याच पुतण्याने त्याला विहिरीजवळची जागा नाकारली, म्हणाला, "तुमच्या आज्यानं आमचं पानी नासवलं हुतं." त्या पोराने मान खाली घातली.

म्हणून हे लिहिलं. याची पहिली प्रत पुतण्याला वाचायला देतो आहे, आणि दुसरी घेऊन मी स्वतः त्या पोराकडे जाणार आहे.